उशिरा पोचलेलं पत्र आणि दारात उभा राहिलेला बाप: 'डॅनी कॉलिन्स' (२०१५)

परवा रात्री 'डॅनी कॉलिन्स' दुसऱ्यांदा बघितला. पहिल्यांदा एकटीनेच बघितला होता, यावेळी बाबांना हट्टाने शेजारी बसवलं, आणि दोन्ही वेळा अगदी त्याच सीनला घसा दाटून आला म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकते. २०१५ चा सिनेमा आहे, अल पचिनो मेन रोलमध्ये आहे, तरी पचिनोचे आवडते सिनेमे कोणते असं विचारलं की लोक गँगस्टरवाले तीन-चार मोजतात आणि थांबतात, याचं नाव कोणी घेतच नाही, मला याचं खरंच वाईट वाटतं. शेवट सांगणार नाहीये, पण मधलं बरंचसं सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणता येणार नाही, त्यामुळे अजिबात काही माहीत नको असेल तर आधी बघून या, पावणेदोन तासांचाच तर आहे.

गोष्ट अशी. १९७१ साल, डॅनी कॉलिन्स नावाचा एक कोवळा पोरगा, गाण्यात नुकताच पाय टाकलाय, एका संगीताच्या मासिकाला मुलाखत द्यायला बसलाय आणि पार बावरलाय. समोरचा माणूस त्याला सांगतो की तू खूप मोठा होणार, पैसा येणार, नाव होणार, आणि ते ऐकून खूश व्हायच्या ऐवजी पोरगा घाबरतो. मग एकदम चाळीसेक वर्षं पुढे. तोच डॅनी आता पचिनो झालाय, शर्टाची वरची बटणं उघडी, गळ्यात चेन, आणि भरगच्च थिएटरसमोर 'हे बेबी डॉल' नावाचं तेच ते गाणं म्हणतोय जे तो वर्षानुवर्षं म्हणत आलाय, पब्लिकही त्याच्याच वयाचं, सगळ्यांना शब्द पाठ. तीस वर्षांत त्याने स्वतः एकही नवीन गाणं लिहिलेलं नाही. महालासारखं घर, अर्ध्याहून कमी वयाची होणारी बायको, दारू, कोकेन. वाढदिवसाला त्याचा जुना मॅनेजर फ्रँक त्याला एक फ्रेम भेट देतो आणि त्या फ्रेममध्ये असतं 'बीटल्स'वाल्या जॉन लेननचं पत्र. ती १९७१ ची मुलाखत वाचून लेननने या पोराला लिहिलं होतं, की पैसा आणि प्रसिद्धी आली म्हणून तुझी कला आपोआप बिघडत नाही, ते तुझ्यावर आहे, गाण्याशी प्रामाणिक राहा, खाली माझा नंबर आहे, फोन कर, बोलू. पत्र मासिकाकडे गेलं, तिथून परस्पर विकलं गेलं, आणि ज्याच्यासाठी लिहिलं होतं त्याच्या हातात आलं ते थेट म्हातारपणी.

डॅनी टूर कॅन्सल करतो, न्यू जर्सीला जातो, तिथल्या एका हिल्टनमध्ये खोली घेतो, त्या खोलीत चक्क भलामोठा पियानो मागवतो, आणि मग ज्या मुलाला तो जन्मात कधी भेटलेला नाही त्या टॉमच्या दारात जाऊन उभा राहतो.

आता पत्राबद्दल थोडं सांगते कारण ही भानगड खरी आहे. सिनेमाच्या सुरुवातीलाच पडद्यावर लिहून येतं की ही गोष्ट खऱ्या घटनेवर साधारण, थोडीफार आधारलेली आहे. तर खरा माणूस म्हणजे स्टीव्ह टिल्स्टन, इंग्लंडचा फोक गायक. १९७१ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला तेव्हा तो २१ वर्षांचा होता, 'झिगझॅग' नावाच्या ब्रिटिश संगीत मासिकाला मुलाखत देताना पैसा आल्यावर आपल्या गाण्यावर परिणाम होईल असं काहीतरी तो बोलून गेला, लेननने ते वाचलं आणि श्रीमंत झाल्याने तुझ्या विचार करण्यात, अनुभवण्यात फरक पडत नाही अशा अर्थाचं पत्र लिहिलं, घरच्या फोन नंबरसकट. टिल्स्टनला ते मिळालंच नाही. २००५ मध्ये एका संग्राहकाने हे पत्र खरं आहे का विचारायला संपर्क केला तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की असं काही आलं होतं. ३४ वर्षांनी! आणि लेनन जाऊनच तेव्हा २५ वर्षं व्हायला आली होती, डिसेंबर १९८० मध्ये त्याला गोळ्या घातल्या.

पण माझ्या डोक्यात अडकून बसलंय ते वेगळंच. खऱ्या टिल्स्टनकडे तो पैसा कधी आलाच नाही, तो आपला गिटार घेऊन गात राहिला, अल्बम काढत राहिला, लोक त्याला चांगला फोक गायक म्हणून ओळखतात. म्हणजे श्रीमंतीला घाबरू नकोस असं ज्याला लिहिलं त्याला श्रीमंती भेटली नाही, आणि पत्र न मिळताही त्याने गाणं सोडलं नाही. लेखक-दिग्दर्शक डॅन फोगलमनने तेच पत्र उचलून अशा माणसाच्या हातात दिलं ज्याला श्रीमंती मिळाली आणि ज्याचं गाणं गेलं. इतका साधा बदल, पण त्याने सगळी गोष्टच फिरली, कारण आता पत्र वाचणाऱ्याला एक सोयीचं कारण सापडलं की हे वेळेवर मिळालं असतं तर माझं आयुष्य असं झालं नसतं. डॅनी अर्धा सिनेमा हेच धरून बसलेला असतो. आपणही त्याच्याबरोबर तेच धरून बसतो, की अरेरे, काय नशीब बिचाऱ्याचं.

आणि टॉमला या पत्राचं काहीएक घेणंदेणं नाही. हे मला प्रचंड आवडलं. टॉम बांधकामावर काम करणारा माणूस, बायको समँथा गरोदर, होप नावाची छोटी मुलगी जिला एडीएचडी आहे, एक मिनिट शांत बसत नाही, अखंड बडबड. आई कॅन्सरने गेलेली. बापाचा चेहरा त्याने आयुष्यभर फक्त पोस्टरवर आणि टीव्हीवर बघितलेला. अशा माणसाला तुम्ही सांगायला जाल की मला लेननचं पत्र उशिरा मिळालं म्हणून मी असा झालो, तर तो काय म्हणेल? बॉबी कॅनव्हालेने टॉमचं काम केलंय आणि माझ्या मते सिनेमातलं सगळ्यात चांगलं काम त्याचंच आहे, पचिनोपेक्षाही, हो, विचार करून लिहितेय. अशा रोलमध्ये नट लोक रागावर खेळतात, आरडाओरडा, भांडी फेकणं, याने थकवा खेळलाय. त्याच्या खांद्यातच दिसतं की हा माणूस बापाशी भांडण करून करून आतल्या आत कधीच दमलाय आणि आता नेमका समोर आलाय तर भांडायची ताकदच उरलेली नाही. जेनिफर गार्नरची समँथा आणि हा, दोघांचं घर खरं वाटतं, नवराबायको बोलताना एकमेकांकडे न बघताही बोलतात तसं आहे ते.

मग डॅनी त्याला जमतं तेवढंच करतो, म्हणजे पैसा फेकतो. स्वतःची टूरची मोठी बस घेऊन येतो आणि नातीला न्यूयॉर्कच्या एका भारी स्पेशल शाळेत ॲडमिशन मिळवून देतो. टॉमला नाही म्हणायचंय पण मुलीसाठी नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हणताना त्याच्या तोंडाची चव कशी गेलीय ते दिसतं. मला इथे सिनेमाचा थोडा रागही आला, कारण एवढा मोठा प्रश्न एका बापाच्या ओळखीने आणि चेकबुकने सुटतो आणि पुढे होपच्या शाळेचं फारसं काही येतही नाही. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना माहितेय की ॲडमिशन ही सुरुवात असते, खरी मेहनत तर त्यानंतर रोजची. पण टॉमच्या बाजूने बघितलं तर सीन बरोबर बसतो, ज्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही असं ठरवलेलं त्याच्याकडूनच पोरीसाठी घ्यावं लागणं, याला लागतं काळीज.

हॉटेलचा भाग मात्र निव्वळ मजा आहे. ॲनेट बेनिंग तिथली मॅनेजर मेरी, डॅनी तिला जेवायला येतेस का विचारतो, ती नाही म्हणते, तो परत विचारतो, ती परत नाही म्हणते, आणि या नाही म्हणण्याचीच दोघांना इतकी गोडी लागते की जेवण राहूनच जातं. शब्दाला शब्द पटापट आणि कोणी घाईत नाही. दोघंही कसलेले नट, एकमेकांना वाक्य टाकतात ते कॅरम खेळताना सोंगटी हळूच सरकवावी तसं. दुसरा कोणी या रोलमध्ये असता तर मोठ्या माणसाचं हे मागे लागणं खुपलं असतं, इथे खुपत नाही कारण मेरी कुठेही दबत नाही, आणि त्याचं नवीन गाणं ऐकून खरं मत देणारी तिथे तीच एकटी आहे. रिसेप्शनवरची मुलगी आणि गाड्या लावणारा पोरगा यांचं जमवून द्यायचा डॅनीचा खटाटोपही छान हलकाफुलका झालाय. हा माणूस अनोळखी लोकांना दोन मिनिटांत आपलंसं करतो, कोणाला रिकाम्या हाताने पाठवत नाही, आणि स्वतःच्या पोराला चाळीस वर्षं एकदा भेटायला जात नाही. सिनेमा हे तोंडाने बोलत नाही, पण प्रत्येक हसण्याच्या सीनखाली ते असतंच.

ख्रिस्तोफर प्लमरचा फ्रँक. काय माणूस होता हा प्लमर! ८२ व्या वर्षी ऑस्कर घेतलं होतं, आणि इथे त्याहून म्हातारा आहे तरी एका भुवईने सीन खाऊन टाकतो. तो टॉमला जाऊन भेटतो तो सीन नीट बघा. त्यात तो सांगतो की मी दारूत बुडालो होतो तेव्हा मला बाहेर काढलं ते तुझ्या बापाने, आणि वर म्हणतो की त्याचं मन चांगलं आहे, फक्त अर्धा वेळ ते भलत्याच जागी कोंबून ठेवतो. (मूळ वाक्यात ती जागा स्पष्ट सांगितलीय, बाबा मोठ्याने हसले.) तो डॅनीची बाजू घेतो पण माफ कर असं एकदाही म्हणत नाही, फक्त एवढीच माहिती देतो की हा माणूस असाही आहे. मुलांना आईबापांबद्दल असं तिसऱ्याकडून कळतं तेव्हा काय होतं ते टॉमच्या चेहऱ्यावर बघण्यासारखं आहे.

आता ज्या सीनसाठी हे सगळं लिहितेय तो. डॅनी हॉटेलच्या खोलीत नवीन गाणं लिहितो, 'डोन्ट लुक डाऊन', शांत, पियानोवरचं, अजिबात 'बेबी डॉल'सारखं नाही. मग एका छोट्या क्लबमध्ये कार्यक्रम ठरतो, मेरी आलीय, टॉम आणि समँथा आलेत. तो पियानोवर बसतो, सुरुवात करतो, आणि समोरून कोणीतरी 'बेबी डॉल'ची फर्माईश करतं, मग दुसरं कोणीतरी. आणि तो थांबतो. दोन-चार सेकंद तसाच बसतो. आणि 'बेबी डॉल' सुरू करतो.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला त्या पब्लिकचा राग आला होता. दुसऱ्यांदा नीट बघितलं तर ते लोक वाईट नाहीतच, त्यांच्या लग्नात, कॉलेजात, गाडीत हेच गाणं वाजलेलं असणार, ते प्रेमाने आलेत, तिकिटं काढून आलेत, आणि त्यांना हवं ते मागतायत यात त्यांचं काय चुकलं. जुन्या हिट गाण्यांवर टूर करणाऱ्या प्रत्येक कलाकाराचं हेच दुखणं असणार, की ज्या गाण्याने घर चालतं त्याच गाण्याने दुसरं काही गाऊ दिलं जात नाही, आणि चालवणारे आणि अडवणारे लोक तेच, आणि ते तुमच्यावर प्रेम करतात. पण त्या सेकंदाला निवड डॅनीची आहे. पत्र आता त्याच्याकडे आहे ना? लेननने सांगितलेलं त्याला तोंडपाठ आहे ना? तरी तो हरतोच. म्हणजे सत्तरच्या दशकात ते पत्र वेळेवर मिळालं असतं तरी काय झालं असतं हा जो प्रश्न अख्खा सिनेमा आपण मनात घोळवत होतो त्याचं उत्तर त्या पियानोसमोर मिळतं, कदाचित काहीच वेगळं झालं नसतं. ही गोष्ट इतक्या गोड, हसऱ्या सिनेमाने इतकी स्पष्ट दाखवावी याचं मला खूप कौतुक आहे. आणि पचिनोने तो क्षण काहीही न करता केलाय, ओरडणं नाही, डोळे मोठे करणं नाही, नुसता चेहरा खाली येतो. पुढच्या वर्षी गोल्डन ग्लोबला म्युझिकल-कॉमेडीत त्याचं नॉमिनेशन होतं, जिंकला नाही, पण या एका क्षणासाठी मी दिलं असतं.

त्याच्या गाण्याबद्दल म्हणाल तर पचिनो गायक नाही, आवाज घोगरा, निम्मं गाणं बोलल्यासारखं, आणि तेव्हा तो पंचाहत्तरीला आला होता. मला ते बरोबर वाटलं. आवाज कधीच संपलेला आणि आता नुसत्या रुबाबावर खेचणारा माणूस असाच गाणार. 'बेबी डॉल' ही ट्यून इतकी चिकट आहे की दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीच गुणगुणत होते, म्हणजे ज्याने केलीय त्याने काम चोख केलंय, हे गाणं खरंच चाळीस वर्षं चाललं असतं असं वाटायला लावणं सोपं नाही.

लेननची स्वतःची गाणीही सिनेमाभर आहेत आणि इथे माझी तक्रार आहे. प्रसंगाला शब्दशः जुळणारं गाणं लावायची फोगलमनला सवय दिसते, पडद्यावर जे चाललंय तेच मागे गाण्यात, दोनदा सांगितल्यासारखं होतं. अपवाद 'ब्यूटिफुल बॉय'चा. ते गाणं लेननने धाकट्या मुलासाठी, शॉनसाठी लिहिलेलं, ज्याच्यासाठी तो काही वर्षं संगीत बाजूला ठेवून घरी बसला होता, आणि थोरला ज्युलियन मात्र लहानपणी बापाला फार मुकला होता. ज्याचं पत्र डॅनी देवाचं वाक्य असल्यासारखं जपतो त्या माणसाच्या घरातही एक टॉम होताच. सिनेमात हे कोणी बोलत नाही, पण माहीत असेल तर ते गाणं वेगळंच लागतं.

दुसरी तक्रार आजारपणाची. टॉमला ल्युकेमिया निघतो. बापलेकांना जवळ आणायला एकाला मोठा आजार द्यायचा ही युक्ती जुनी आहे आणि फोगलमन अशा जागी डोळ्यातून पाणी काढण्यात पटाईत आहे, पुढे २०१६ पासून 'धिस इज अस' मालिकेत त्याने तेच भरभरून केलं. हा त्याने दिग्दर्शित केलेला पहिलाच सिनेमा, आधी तो फक्त लिहायचा, आणि ते जाणवतं, काही सीन नुसते बोलके आहेत, कॅमेरा आपला बसून ऐकतोय. आजार कळला तेव्हा मी मनात म्हटलं की झालं, आता शेवटी हॉस्पिटलच्या बेडवर माफी मागणार.

तसं होत नाही. हेच सांगायचंय मला. त्या क्लबच्या रात्री डॅनी सगळं घालवतो, दारूवर जातो, मेरीला दुखावतो, मुलाला दुखावतो, आणि बाबा तिथे एकदम म्हणाले, "आता ते गाणं-बिणं राहू दे म्हणावं त्याला, पोराची डॉक्टरची तारीख कधीये ते विचार आधी." मी बाबांकडे बघतच राहिले, कारण सिनेमा नेमका तिकडेच जातो. डॅनी ग्रेट गाणं गाऊन परत मिळवत नाही काही, स्टेजवर उभं राहून मुलाची माफी मागत नाही, टाळ्या नाहीत. तो फक्त टॉमबरोबर डॉक्टरकडे जातो, शेजारच्या खुर्चीत बसतो. वाट बघतो. बस, एवढंच. त्याने डॉक्टरच्या बाबतीत एक गोष्ट हेरलेली असते, की आत येताना त्याने पेशंटला पहिल्या नावाने हाक मारली तर बातमी चांगली आणि आडनावाने मारली तर वाईट, आणि ते तो मुलाला सांगतो, आयुष्यभर लोकांचे चेहरे वाचत आलेल्या शोमनचं सगळं कसब त्या एका फालतू थिअरीत उतरतं आणि ते पहिल्यांदा मुलाच्या कामी येतं. मग दोघं बसलेत, डॅनी त्याचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून बोलत राहतो, टॉमचा पाय हलतोय, आणि दाराची मूठ फिरते. डॉक्टर काय हाक मारतो ते लिहीत नाही.

माझा घसा दोन्ही वेळा दाटला तो इथे.

नावं सुरू झाली म्हणून लगेच बंद करू नका, खरा स्टीव्ह टिल्स्टन स्वतः येऊन त्या पत्राची हकिगत सांगतो, साधा माणूस, अजिबात बाऊ न करता. बाबा तोवर पाणी प्यायला उठले होते. उभ्यानेच ऐकत राहिले, मग परत येऊन बसले आणि म्हणाले थोडं मागे घे, त्याने काय सांगितलं ते नीट ऐकू दे.